तिसरा तुकडा

क्रांती चौकातल्या बँकेत माझ्या मागच्या बाकड्यावर देवगाव रंगारीचे बापलेक टोकनची वाट बघत होते.

"अप्पा, उठा, चला. ही बँक काहीच करू शकत नाही."

"बस जरा. पासबुक हरवलं तर दुसरं देतात. तसे साहेब तुझ्या पासवर्डचे नवे बारा शब्द देतील की."

"माझे पैसे या बँकेत नाहीतच! ब्लॉकचेनवर आहेत. तिथं एका साहेबाकडं वही नसते, हजारो कॉम्प्युटरवर तीच वही असते. एकदा लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही. अन् मोबाईल हरवल्यावर आता ते बारा शब्द टाकल्याबिगर मलासुद्धा पैसे काढता येत नाहीत."

"मग मोबाईल हरवला कशाला?"

"म्हणूनच तर शब्दांचा कागद तुमच्याकडं दिला होता! परवा फ्लॅटचे पैसे भरायचेत. अन् तुम्ही त्याचे तुकडे करून भावकीत वाटले?"

"एकाच घरात ठेवला अन् उंदरानं खाल्ला तर? माझे तीन भाऊ, एकेकाला चार-चार शब्द. हे घे, दोन तुकडे आणलेत."

"अन् तिसरा?"

"आसारामकडं हाय. लई जपून ठेवलाय, दावला मला."

"मग काका देत का नाहीत?"

"तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं."

"अप्पा, दोन वर्षं झाली त्याला! सोडून द्या म्हणा आता."

"म्हणलो ना. तर त्यानं कपाटातून ती पत्रिकाच काढली. तुझे चार शब्द तिच्यातच ठेवलेत त्यानं."