पंधराव्या टोपीचं माप

"हॅलो? … हो, मीच बोलतेय. पटकन बोला हं, माझा एक हात पेशंटच्या तोंडात आहे."

यात विनोद काही नव्हता. दातांच्या दवाखान्यातल्या असिस्टंटचा एक हात बहुतेक वेळ कुणाच्या तरी तोंडातच असतो. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर जबडा वासून बसले होते आणि त्यांच्या कवळीच्या मापासाठी गुलाबी लगदा भरलेला ट्रे तिने नुकताच वरच्या हिरडीवर दाबून धरला होता. तीन मिनिटं धरायचा, मग काढायचा. आजोबांना तिच्या नवऱ्यानेच पाठवलं होतं. महिन्याच्या आत दात हवेत, म्हणाला होता, कुठेतरी जायचंय त्यांना.

"ट्रॅव्हल कंपनीतून? बोला ना… हो, हनीमूनचं बुकिंग. माझ्याच नावावर आहे, आगाऊ रक्कम मी भरली… हो, तेच बेट. समुद्राकडची खिडकी… नाही, नाश्ता नको. नाश्ता आम्ही काढला. विमानतळावरची गाडी पण काढली, बसने जाऊ. पलंगावर टॉवेलचे हंस करतात ना, तेही काढले… हो, हंसांचे वेगळे पैसे होते. फक्त खिडकी ठेवलीय, ती पाहिजेच… कशाचं माप?"

सासरी दोन खोल्यांत सात माणसं राहत होती. लग्नाला एकोणीस दिवस झाले होते, आणि नवरा-बायकोचं एकमेकांशी पूर्ण वाक्य म्हणावं असं बोलणं फक्त जिन्यात झालं होतं. तेही तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वर येईपर्यंत. त्या खिडकीपाशी बसून आपण एक लांबलचक वाक्य बोलायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

"टोपीचं? … पिवळी? … गर्दीत ओळखू यावं म्हणून. अहो, दोघंच आहोत आम्ही. मी त्याला ओळखते गर्दीत, लग्न केलंय त्याच्याशी… पंधरा? कसले पंधरा? … नाही, चुकीची फाइल उघडलीय तुम्ही. हनीमूनला पंधरा माणसं कशी… हो, पासपोर्ट नंबर माझाच आहे… हो… थांबा. यादी वाचा बरं पहिल्यापासून. आजोबा, हलू नका."

आजोबा हलले नव्हते. उलट जरा जास्तच स्थिर झाले होते.

"एक… हो, सासूबाई. दोन, मावशी. त्यांची बहीण, बरोबर. तीन-चार, मामा-मामी. पाच, मामांचे जावई? ते तर मामांशी बोलतही नाहीत… अच्छा, विमानात लांब लांब बसवलंय. छान केलंत… आणि हे सगळं कुणी… कोण लीडर सर? … परत सांगा."

तिने परत ऐकलं. लीडर सर म्हणजे तोच, जो रोज सकाळी तिच्याच टॉवेलला तोंड पुसायचा.

"म्हणजे पंधरा माणसं आणली की सोळावा फुकट… नाही, नाही, स्कीम छान आहे. 'बजेटचं मी बघतो, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस' म्हणाला होता. बघितलं की… ट्रेनिंग? कधी असतं? … मंगळवार-गुरुवार. मला ओव्हरटाइम म्हणून सांगितलंय… आणि शिट्टी तुम्ही देता का ती?"

मग बोलली ती फोनशी कमी आणि खुर्चीवरच्या दिव्याशी जास्त.

"दहा दिवस झाले, बाथरूममध्ये शिट्टी वाजवतोय तो. तीन आखूड, एक लांब… 'बसमध्ये चढा' होय? अच्छा. मला वाटलं खूश आहे. नवीन लग्न आहे, वाजवत असेल माणूस… मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे हो. आमटी करपली एकदा… नाही, नाही, मी ठीक आहे. पुढे वाचा… सहा, सात, आठ, सगळे सासरचेच. नऊ."

नऊ नंबर ऐकताना तिने डोळे मिटले.

"ही आई आहे… माझी… परवा येऊन माझी निळी बॅग घेऊन गेली. म्हणाली, जुने कपडे ठेवायला. नवी चप्पल पण घेतलीय, वाळूत चालतात तसली. मी विचारलं, ही कुठे घालणार, तर म्हणे गच्चीवर… दहा, ताई. साहजिक आहे, आईला एकटीला कसं सोडणार. अकरा, भावजी… बारा कोण? दातांचे डॉक्टर? … कुठला पत्ता दिलाय? … हो, मी त्याच पत्त्यावरून बोलतेय तुमच्याशी."

आतल्या खोलीत डॉक्टरांची फिरती खुर्ची करकरली आणि मग फारच शांत झाली. तरीच दहा दिवसांची रजा त्यांनी मान वर न करता दिली होती. एरवी अर्धा दिवस मागितला तरी ते आपल्या पाठदुखीपासून सुरुवात करत.

"तेरा डॉक्टरांची बायको, ठीक. चौदा? … निवृत्त पोस्टमास्तर."

ती सावकाश वळली. आजोबांना बोलता येत नव्हतं, आणि आयुष्यात प्रथमच त्याचं त्यांना बरं वाटत असावं. पण माणूस सरळ होता. त्यांनी मांडीवरचा हात उचलला, आधी एक बोट दाखवलं, मग चार.

"भेटले. इथेच आहेत… आणि पंधरा मी. म्हणजे मी गेले नाही तर लीडर सर फुकट जात नाहीत. बरोबर? … माझ्या नावापुढे काही लिहिलंय का? सगळ्यांच्या पुढे आई, मावशी, मामा लिहिलंय, माझ्यापुढे? … काय? … 'शेवटी कळवणे.' … नातं नाही? नुसतं 'शेवटी कळवणे'… बरं. खोल्या सांगा… एक, दोन आणि पंधरा एकत्र. मी, सासूबाई आणि मावशी. मधला पलंग माझा… आणि तो? … एकटा? लीडरला स्वतंत्र खोली का? … कधीही उठावं लागतं. हो, जबाबदारीचं काम आहे… कुठल्या बाजूला आहे ती खोली?"

उत्तर एका शब्दाचंच होतं. तिने ते दोनदा विचारलं.

"समुद्राकडे… दोघांची करता आली नसती का तीच? … थोडे जास्त भरून. त्याला सांगितलं होतं तुम्ही? … मग काय म्हणाला? … नाही, सांगा. तुमच्यावर राग नाही माझा, तुम्ही नोकरी करताय… 'राहू द्या, ती समजूतदार आहे.' … असं म्हणाला."

नाश्ता काढला तेव्हा तो हेच म्हणाला होता. गाडी काढली तेव्हाही. तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं. हंस तर तिने स्वतःहून काढले होते, नुसतं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून.

"मग आत्ता माझ्याकडून काय हवंय? … टोपीचं माप, आणि फोनवर एक 'हो'. कारण बुकिंग माझ्या नावावर आहे. पाच वाजायच्या आत… रेकॉर्ड होतंय का हे? ठीक आहे. मग पंधरा नंबर काढून टाका. … हो, कळतंय, सगळ्यांचे पैसे वाढतील. वाढू द्या… पाचपेक्षा जास्त गळाले तर टूरच रद्द? … होऊ द्या."

आजोबांचा हात हळूहळू खाली गेला. ते छताकडे बघू लागले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची परदेशी पाकिटं वाटली होती, हे तिला तासापूर्वीच त्यांनी केसपेपर भरताना सांगितलं होतं. तिकिटांवरचा समुद्र तेवढा पाहिला होता. आता मुद्दाम दात करून चालले होते. लगदा त्यांच्या तोंडात केव्हाच घट्ट झाला होता आणि ते एका शब्दाने कुरकुरत नव्हते, हे जरी नाइलाजाने असलं तरी तिला लागलं.

"थांबा. काढू नका… एक सांगा, लीडर बदलता येतो का? … कुणाच्या सांगण्यावरून? … बुकिंग ज्याच्या नावावर. म्हणजे माझ्या. मग लीडर मी… ट्रेनिंग नको हो. मी रोज बावीस माणसं एका बाकावर बसवते. तोंड उघडा म्हटलं की उघडतात, चूळ भरा म्हटलं की भरतात. शिट्टीसुद्धा लागत नाही… हो, माझी लीडरची खोली. आणि त्याला पंधरा नंबर द्या. पैसे भरून. सासूबाई आणि मावशींच्या मधला पलंग… घोरतात ना, दोघी. आळीपाळीने."

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. डॉक्टरांनी ते उचललं नाही.

"त्याच्या टोपीचं माप? सगळ्यात मोठं लिहा. डोळ्यांवर येईल असं… नाही, त्याला फोन करू नका. शेरा आहे ना पंधरा नंबरपुढे, तो पुसू नका, आहे तसाच राहू द्या… अजिबात चिडणार नाही. समजूतदार आहे तो… हो. रेकॉर्डवर सांगते. हो."

तिने ट्रेला हात घातला. तो निघेना. आजोबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"अजून एकच विचारायचं होतं… ती खिडकी. सरकवायची आहे की ढकलायची? … जड नाही ना? म्हणजे, एकटीला उघडता येईल ना? … बरं. ठेवते."