खाडा करा म्हणे!

…आणि बनियान डोक्यावरून अर्धं निघालं आणि तिथंच अडकलं! तुम्हाला सांगतो, हात वर, डोकं आत, पोट बाहेर, आणि खांदे म्हणतायत, बास, आता पुढं नाही! आतूनच ओरडलो, "अगं ए! ये की लवकर!" ही आली, नीट बघून घेतलं, आणि सोडवायचं सोडून विचारते काय? "कितव्या मजल्यावर अडकलात?"

हसा, हसा. मी पडलो लिफ्टमन. आठ मजली ऑफिस, सकाळपासून माणसं वर न्यायची, खाली आणायची, आणि इतक्या वर्षांत एक खाडा नाही! ताप असो, पाय मुरगळलेला असो, मी आपला स्टुलावर हजर. कारण मी नाही गेलो तर आठव्या मजल्यावरच्या साहेबांना जिना चढावा लागतो, आणि साहेब जिना चढले की त्यांचा राग उतरतो, तो थेट माझ्यावर! मग माणसानं खाडा करायचा कसा? ते काही नाही. आपल्याकडे खाडा नाही म्हणजे नाही!

पण हे जिमचं खूळ शिरलं कुठून? तर आम्हाला नात झाली. लेकीच्या सासरी गेलो बघायला. व्याही एका हातावर नात घेऊन घरभर फिरतायत, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि कपातला चहा हलत नाही हो! मीही घेतलं तिला. आता एवढासा जीव, पण पाच मिनिटं झाली न झाली तोच कोपरात अशी कळ आली की म्हणालो, "घ्या हो जरा." व्याह्यांनी घेतलं, आणि वर अगदी साखरेत घोळून म्हणतात कसे, "असू द्या, असू द्या, तुमचं काम बसून आहे ना!"

बसून! काळजाला लागलं हो ते. लोकांना आठ-आठ मजले वर नेणारा माणूस, त्याला स्वतःची नात पेलेना? खोटं कशाला बोलू, जिन्यात येऊन डोळे पुसले मी. महिन्याभरानं लेक बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येणार होती. म्हटलं, येऊ दे. दाखवतोच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायरच्या दुकानावर जिम आहे. तिथला मास्तर, त्याचे दंड एवढे की हात अंगाला टेकतच नाहीत, चालताना वाटतं दोन्ही बगलांत कलिंगडं दाबलीयत. हिनं त्याचं नाव ठेवलंय दंडोबा. तर हा दंडोबा पहिल्याच दिवशी मला म्हणतो, "काका, दिवसाआड यायचं. मधल्या दिवशी खाडा करा."

खाडा? मला सांगतोस? मला??

"काका, वजन उचललं की स्नायू आतून झिजतात, ते भरून येतात आरामात. माणूस वाढतो तो खाड्याच्याच दिवशी."

मी म्हटलं, अरे बाबा, खाड्यानं माणूस वाढत असता तर आमच्या ऑफिसचा शिपाई एव्हाना लिफ्टमध्ये मावला नसता! त्याचं ऐकतंय कोण, सकाळी त्याच्यासमोर दिवसाआड, आणि मधल्या दिवशी तो नसतो तेव्हा संध्याकाळी गुपचूप! आज खांदे, उद्या खांदे, परवा काय? खांदेच! नात कशावर घ्यायची? खांद्यावर! सरळ हिशेब. आपल्याकडे खाडा नाही!

पहिला आठवडा मजेत गेला. आरशासमोरून हलेना मी. आणि मग… मग काय झालं कुणास ठाऊक. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, दात घासताना ब्रश हलेना म्हणून तो धरून ठेवायचा आणि मान हलवायची! लिफ्टमध्ये बोट असं थरथरायचं की दाबायला जावं तीन आणि दाबलं जायचं पाच. तिसऱ्या मजल्याच्या बाई पाचव्यावर उतरून कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसल्या! आणि चिडचिड? अहो, खुद्द साहेबांना म्हणालो, "उतरायचंच तर आहे, जिन्यानं जा ना!" मी! लिफ्टमन!

आणि मजा बघा, पहिल्या आठवड्यात लीलया उचललेलं वजन तिसऱ्या आठवड्यात जागचं हलेना. मी दंडोबाला म्हटलं, "कुणीतरी खाली चिकटवलंय रे हे." त्यानं येऊन दोन बोटांनी उचललं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काका… मधल्या दिवशी येता ना तुम्ही?"

त्याच संध्याकाळी ते बनियान. हिनं कात्रीनं कापून मला बाहेर काढलं आणि तस्सं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी हात वर करायला लावला. झाला नाही. म्हणाल्या, "आठवडाभर काही उचलायचं नाही."

"काहीच नाही?"

"कंगवा चालेल."

"अहो, पण चार दिवसांनी माझी नात येतेय!"

"येऊ दे ना," म्हणाल्या, "नुसती बघा." नुसती बघा! एवढा खटाटोप केला तो काय नुसतं बघायला?

बरं, आराम तरी सुखानं करावा, तर घरात आराम म्हणजे काय ठाऊक आहे? मोकळा! "मोकळेच आहात ना, त्या गाद्या जरा गच्चीवर टाका." अगं, वजन उचलायचं नाहीये मला! "मग ओढत न्या!"

आली हो लेक. आणि सोडायला कोण आलंय? व्याही! दारातच नात माझ्यापुढं धरून म्हणतात, "घ्या आजोबा!" ती पोर माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसतेय, आणि माझे हात… हात वर येईनात. सगळं घर बघतंय. तुम्हाला सांगतो, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तेवढ्यात ही आली, एवढे दिवस चेष्टा करणारी माझी बायको, आणि करड्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडे बाळाला उभ्यानं देत नाहीत. बसा हो तुम्ही." असली काही पद्धत आमच्याकडे नाही! तिनं तिथल्या तिथं काढली! मला पलंगावर बसवलं, मांडीवर दोन उशा रचल्या आणि वर नात ठेवली. नुसता बसलो मी. काही केलं नाही. आणि पोर झोपली! व्याह्यांनी उचलून बघितलं, तर तिनं टाहो फोडला. परत ठेवली, गप! त्यांना बिचाऱ्यांना बसायची सवयच नाही ना, तिला सारखं जत्रेत असल्यासारखं वाटत असणार. असा आनंद झाला मला, काय सांगू!

आता हात बरे आहेत. शहाण्यासारखा दिवसाआड जातो, मधल्या दिवशी शिस्तीत खाडा! पण लेक म्हणते, "बाबा, तुमच्या मांडीशिवाय ती झोपतच नाही. रोज संध्याकाळी तुम्हीच."

"रोज? अगं, दिवसाआड करू या. मास्तरांनी सांगितलंय!"

"बाबा, ती काय डंबेल आहे?"

दंडोबाला विचारलं तर तो म्हणतो, "रोज घ्या काका, फक्त वजन एकदम नका वाढवू." मी कशाला वाढवतोय? माझ्या हातात आहे का ते? तिकडं बाटलीभर दूध पिते, ढेकर देते, आणि माझ्या मांडीवर येऊन आपलं आपणच वाढवते!