साबिनचे बूट

अरादच्या ट्रामथांब्यावर लेओन्टिनाची नजर पुढच्या लंगड्या म्हाताऱ्यावरून हटेना. त्याच्या उजव्या पायात फुटबॉलचा जुना बूट होता, डाव्या पायात चप्पल, आणि डावा बूट काखेत. त्याच्या दोस्तालाही राहवलं नाही.

"कोर्नेल, हे साबिनचे ना? देशाकडून खेळायचा तेव्हाचे?"

"त्याचेच. श्राद्धाला त्याच्या बायकोनं मला दान दिले. त्याच्या मापाचा पाय म्हणे माझाच."

"मग दोन्ही घाल की. तू इथं घालशील तेव्हा त्याला वर पायात काही मिळणार."

"याच बुटानं त्यानं माझा गुडघा मोडला, एमिल. मी एकच घालणार. फिरू दे त्याला तिकडे लंगडत."

"मेल्यावरही सोडत नाहीस."

"त्यानं मला सोडलं होतं?"

"देशाकडून खेळताना त्यानं भलेभले अडवले, पाय कुणाचा मोडला नाही. मी एकदा विचारलं होतं त्याला, मग कोर्नेलचाच का?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याला अडवायचा दुसरा रस्ताच सापडला नाही."

ट्राम आली. लेओन्टिना चढली.

"चल, कोर्नेल," एमिल म्हणाला.

"जाऊ दे ही ट्राम. जरा खांदा दे, दुसरा बूट चढवतो."