चिन्हांसकट केशरबाई

हॅलो?… हो, प्राजक्ता, बोल. अकोल्यात वीज आली का?… बरं. तू पाठवलेली कीबोर्डची फाइल बसवली मी… हो, दोनदा ‘होय’ म्हटलं, संगणक बंद करून चालूही केला. यंत्र निदान परवानगी तरी मागतं.

टोमणा कोणाला म्हणजे? गाण्यांचा संग्रह छापणाऱ्या आपल्या संपादकांना… नाही, अगं ऐक ना, काय लिहिलंय त्यांनी. ‘रोमन अक्षरांवरील स्वरचिन्हे अनावश्यक असल्याने वगळण्यात येत आहेत.’ येत आहेत. कोण वगळतंय, ते लिहायचं धैर्य नाही… हो, संध्याकाळपर्यंत चिन्हांसकट टंकून दिलं तर छापतील म्हणे. पेनाने काढलेली चिन्हं त्यांच्या दृष्टीस पडत नाहीत.

‘तुमी काहून घाबरून राहिल्या’? घाबरले नाही मी, संतापले आहे. केशरबाई धारणीहून परतवाड्यापर्यंत जीपमध्ये उभी राहून आली. एकेक कोरकू गाणं पुन्हा पुन्हा गायली. ‘कागदातून माझाच आवाज आला पाहिजे’, एवढंच तिचं मागणं. चिन्हं गेली की तिचा सूरच गेला. मी शब्द दिला आहे तिला.

हो, हो… बटणांवर टिकल्या चिकटवल्या. चढत्या सुराला लाल, उतरत्याला काळी… हसू नकोस. कपाळावर त्यांनी एवढं काम कधी केलं नव्हतं.

आता?… खाली, घड्याळाशेजारी… उघडली कीबोर्डची यादी. इंग्रजी… मराठी… नाही गं, ‘कोरकू’ कुठेच नाही. म्हणजे बसलंच नाही ते. आता पुन्हा पहिल्यापासून?… सगळ्यात खाली? थांब, चष्मा…

‘केशरबाई’.

…

ऐकते आहे. ऐकते आहे मी… पोरी, हे काहून केलं तू?… कीबोर्डला नाव तर द्यावंच लागतं, खरं आहे. पण हेच सुचलं तुले.

बरं. आधी चिन्ह, मग अक्षर… काही उमटलं नाही… अच्छा, अक्षराची वाट पाहतं. शहाणं आहे… आलं. बसलं बघ, बरोब्बर डोक्यावर… थांब, पूर्ण ओळ होऊ दे… हं. तिच्या तोंडची आहे तशी. संध्याकाळच्या आत सगळी गाणी होतात आता.

अगं, दुसरा फोन येतोय. संपादकच आहेत. ‘चिन्हांवाचून पाठवा, वेळ वाचेल’ म्हणतील… छे, चिडणार कशाला? अगदी सौम्य आवाजात बोलणार आहे… हो, तोच. तोंडी परीक्षेत तुम्हा पोरांना घाम फोडणारा… त्यांची कीव कसली करतेस? ठेव आता.