सीटची वेल्डिंग

माझं माहेर नागभीडकडलं, धानाच्या बांधीतलं, अन् दिलं मले इकडे गोंडपिपरीच्या आंगाले, जंगलाच्या काठावर. बाप म्हणे, पोरगा उंचपुरा हाय, गवंडीकामाले जाते, दारू पीत नाई. आता काय सांगू तुमाले बाई, उंचपुरा होता, ते खरंच. मी त्याच्या खांद्याखाली. लग्नात बाया हासल्या, मीबी हासली.

पोरगी झाली, पोरगा झाला, मंग आश्रमशाळेत सैपाकाचं काम भेटलं मले. शाळा जंगलापल्याड, आमच्या गावच्या आणखी तिघी जात, वाघाच्या भेवानं सायकलीवर संगंसंगंच, कोणी मांगं राहाचं नाई. घरी सायकल होती, नवऱ्याची. तो तं कामावर दुसऱ्याच्या मोटरसायकलीवर जाये, सायकल रोज भिंतीले टेकून राहे. तिच्यावरच शिकली मी. पण सीट इतकी उंच का पायडल खाली गेलं का माझा पाय सुटे, कंबर इकडून तिकडे घासे, अन् हँडल इतकं दूर का वाकूनवाकून पाठीत कळ निंघे, हाताले मुंग्या येत, शाळेत कणीक मळता नाई ये.

मंग चौकातल्या सायकलवाल्या भाऊकडे गेली. त्यानं मले बसवलं, सायकल धरली, म्हणे टाच टेकव पायडलवर, पुरते का? नाई पुरत. सीट खाली घेतली, पुढं सरकवली, हँडल वर उचलून माह्याकडे फिरवलं, म्हणे आता कोपर सैल सोड बाई. काय सांगू, त्या दिवशी चौघींत मी पुढं होती, घरी आली तं पाठ दुखत नव्हती, पोरीले उचलून नाचवली अंगणात.

रविवारी हा बसला सायकलीवर पानठेल्यावर जायाले, तं याचे गुडघे हँडलले लागत. तिथले हासले, काऊन बे, बायकोच्या सीटवर बसून राह्यला का. घरी आला, पाना घेतला, सीट वर केली. सोमवारी मी खाली केली. असंच चाललं मंग, तो वर करे, मी खाली करो. मी म्हणली, तुमाले रविवारी लागते, मले रोज लागते. तो म्हणे, सायकल कोणाची हाय?

अन् एक दिवस घेऊन गेला सायकल, वापस आणली तं सीटचा दांडा वेल्डिंग केलेला. वर, त्याच्या उंचीवर. मी म्हणली, काऊन केलं असं? तो जेवत होता, म्हणे, भाजीत मीठ कमी हाय.

काम सोडाचं नव्हतं मले. समोरच्या दांड्यावर फडकं गुंडाळून बसो, नाईतं उभ्यानंच पायडल मारो. कातडं सोललं, पोटऱ्यात गोळे येत, बायांच्या मांगं पडो. त्या थांबल्या काई दिवस, मंग म्हणल्या, तू ये मांगून. त्यायचेबी लेकरं घरी, त्यायले काय बोलू. एक दिवस एकटीच मांगं राह्यली, झाडीत काई खसपसलं, जीव घेऊन उभ्यानं मारली सायकल, पाय घसरला अन् गिट्टीवर आपटली. कमरेचं हाड मोडलं. वाघ नव्हता. रानडुक्कर असन, माकड असन.

चंद्रपूरच्या दवाखान्यात पडून होती, तवा कामावर दुसरी बाई घेतली. घरी आली तं यानं वेल्डिंग कापून ठेवली होती, सीट पार खाली. म्हणे, बरी झाली का चालव. पाय आखूड झाला होता माझा. टांग टाकताच येत नव्हती.

आता दोघंच राहतो. पोरगी दिली, पोरगा घुग्घुसले असते. याले दिसत नाई आता, तं मीच हात धरून सकाळी बाहेर नेतो, आणतो. बाया म्हणतात, बुढा नशीबवान हाय, अशी बायको भेटली. परवा मले म्हणे, तुयी चाल लई धीमी हाय. मी हात सोडला त्याचा. तिथीच, रस्त्यात. जराशानं म्हणे, कुठी गेली? मी बाजूलेच उभी होती. पुन्हा म्हणे, कुठी गेली वं? हात हवेत फिरवून राह्यला होता.

मंग धरला. काय करता. तुमाले पोरगी हाय म्हणता ना? सुखात राहो. चहा घ्या बाई, थंडा होऊन राह्यला.