पोस्टरवरचा चिखल

मी मूळचा परभणीकडचा, काळ्या मातीतला, आणि गेली कैक वर्षं मेलबर्नला युनिमध्ये, इथं विद्यापीठाला युनिच म्हणतात, शेती आणि ग्रामविकास शिकवतो, म्हणजे शिकवायचो म्हणा, आता जे करतो त्याला शिकवणं म्हणायची लाज वाटते.

काय सांगू तुम्हाला, पूर्वी वर्गात मूठभर पोरं असायची. आठवडाभराच्या शिबिराला त्यांना इथल्या खेड्यात न्यायचो, आणि पहिलं काम काय, तर माती ओली करून कणकेसारखी मळायची आणि अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढायची. लांब निघाली तर चिकणमाती, लगेच तुटली तर वाळू. हे हातालाच कळतं हो, डोळ्यांना नाही. आणि मळता मळता शेतकरी आपोआप बोलायला लागायचा, शाळा बंद झाली, डॉक्टर टिकत नाही, पोरगा शहरात गेला तो गेलाच. तोच आमचा ग्रामविकास.

मग परदेशी विद्यार्थ्यांची लाट आली. पंजाबची, नेपाळची, आपली नगर-साताऱ्याची पोरं, वर्गाचं पार थिएटर झालं. आमच्या विभागाच्या हेडबाई म्हणाल्या, मेट, म्हणजे दोस्ता, एवढी मुलं बसमध्ये मावणार नाहीत, मातीचा व्हिडिओ करू. मातीचा व्हिडिओ! म्हटलं, बाई, फी घेताना बरी मावतात सगळी? तर म्हणाल्या, नो वरीज, मीटिंगमध्ये बोल.

बोललो नाही. बादलीभर माती नेली आणि मीटिंगच्या चकचकीत टेबलावर ओतली. म्हटलं, मळा! डीनसाहेबांनी बाह्या सरसावल्या, काय ते हसणं, काय त्या टाळ्या, हेडबाईंची पट्टी न तुटता लांबत गेली तशा त्या आनंदानं किंचाळल्याच. कुणीतरी फोटो काढले. मला वाटलं, जिंकलो गड्या, शिबिर वाचलं.

दुसऱ्याच आठवड्यात शिबिर रद्द. आणि नव्या सत्राला युनिच्या दारात हे एवढं पोस्टर, त्यावर त्याच मीटिंगमधले, चिखलानं माखलेले माझे हात, खाली मोठ्या अक्षरांत, या, हातांनी शिका! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको म्हणते, अहो, हात तरी छान आलेत.

आता ते पोस्टर बघूनच पोरं येतात. परवा साताऱ्याकडची एक मुलगी वर्गानंतर थांबली, म्हणाली, सर, तो चिखल कधी करायचाय, मी जुने कपडे आणलेत. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बाळा, व्हिडिओच्या लिंकवर. ती खळखळून हसली, तिला वाटलं, सर थट्टा करतायत.

जन्मभर लोकांना हसवत आलो, पण त्या हसण्यापुढं माझी मान खाली गेली. असो. माझं काय व्हायचं ते होवो, त्या पोरीच्या नखांत कुठंतरी, कधीतरी माती जावो.