दोन नंबरचा पंप

...नाही, नाही, मला उपदेश नको! ओळखी वाढवा, म्हणे! वाढवल्या की! आमचा कारखाना बंद पडला, पाच महिने घरात बसलो, तेव्हा बायकोच म्हणाली, "अहो, फोनकडे टक लावून तो वाजणार आहे का? हातपाय हलवा, ओळखी वाढवा!" हलवले! आमचा जुना जोडीदार, सात वर्षं माझ्या हाताखाली, पाना कसा धरायचा तेही मी शिकवलेलं, तो आता मोठ्या कंपनीत मेंटेनन्सला. त्याला गाठलं. "दादा, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते! या, प्लांट दाखवतो!"

गेलो. बघतो तर काय, दोन नंबरचा पंप दर महिन्याला बेअरिंग खातोय आणि ही मंडळी नुसती बेअरिंगं बदलतायत! मी वाकलो, हात लावला... अहो, पाया एका बाजूनं खचलेला, मोटर आणि पंप एका रेषेतच नाहीत, बेअरिंग बिचारं करणार काय? घरी येऊन दोन पानं लिहिली, आकृती काढली, वर नाव, फोन नंबर. "साहेबांना दे," म्हटलं. "दादा, आजच देतो!" आणि दिली हो, शब्दाचा पक्का!

महिन्याभरानं मुलाखत. साहेब विचारतात, "पंप सारखा बेअरिंग खातो. का?" मला तर हसूच फुटलं! घडाघडा सांगितलं. साहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढला. "शब्द न् शब्द हाच! आमच्या माणसाचा रिपोर्ट आहे हा. कुठून पाठ केलात?" तुम्हाला सांगतो, अक्षर त्याचं, सही त्याची, आणि आकृतीत मी चुकून एक बोल्ट जास्त काढला होता ना... तोसुद्धा तस्साच! "साहेब, हे माझं..." "आम्हाला स्वतःचं डोकं चालवणारा माणूस हवाय. या आता!"

ओळखी वाढवा, म्हणे! सात वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस!

बाहेर आलो, तर हा पठ्ठ्या दारातच. "दादा, रागावलात? माझंही घर आहे, दादा... बरं, जाताजाता तीन नंबरचा पंप ऐकता का जरा? कालपासून करकरतोय."

आता तुम्ही म्हणाल, दिली असशील ठेवून एक! द्यायचीच होती हो, हात उचललासुद्धा...

ऐकून आलो. सांगूनही आलो. काय करणार? त्या पंपानं माझं काय वाकडं केलं होतं?